रक्तसंक्रमणात एमडी केलं तर पुढे काय? कोकणातल्या डॉक्टरांनी, रक्तपेढीवाल्यांनी सांगावं

सड्यावरची

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. एमबीबीएस झालंय, बंधपत्राची सेवा एका प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू आहे आणि सोबत नीट-पीजीचा अभ्यास. शाखा ठरवायची वेळ आली आहे.

माझ्या मनात ‘इम्युनोहिमॅटॉलॉजी अँड ब्लड ट्रान्सफ्युजन’, म्हणजे रक्तगट आणि रक्त चढवण्याची शाखा, आहे. कॉलेजात हा विषय पॅथॉलॉजीच्या चार तासांत उरकला होता. केंद्रात आल्यापासून मात्र सारखी रक्ताशीच गाठ पडते. सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन नवव्या महिन्यात पहिल्यांदा दिसणाऱ्या बायका, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव, फुरसं चावून हिरड्यांतून रक्त येणारे आंब्याच्या बागेतले गडी, पावसात लेप्टो आणि डेंगी. १०८ मध्ये पेशंट चढवला की माझा पहिला फोन रक्तपेढीला जातो. तिकडे पिशवी आहे की नाही यावर पुढचं सगळं ठरतं, हे आता अंगवळणी पडलं आहे.

घरी मात्र आई म्हणते, “डॉक्टर होऊन तळघरात बसणार का?” वडिलांचं म्हणणं, दवाखाना टाकता येईल असं काहीतरी घे. बॅचमधले म्हणतात, त्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या राहतात, यावरूनच समज.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या शाखेचा डॉक्टर दिवसभर नेमकं काय करतो? बाहेरच्या देशांत रक्तसेवेचे वैद्यकीय संचालक असतात, त्यांचं सगळं आयुष्य रक्तसंक्रमणाच्या सुरक्षेत जातं. तसं पद आपल्याकडे खरंच असतं का? आणि हे करून कोकणात राहता येतं का? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

पेठेतला दवाखाना

डॉक्टर, मी खेडकडे जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. पॅथॉलॉजीत एमडी करा. कायद्याने पॅथॉलॉजीचा एमडीही रक्तकेंद्राचा वैद्यकीय अधिकारी होऊ शकतो, पण रक्तसंक्रमणाचा एमडी उद्या बायोप्सी वाचू शकत नाही. एक दार उघडं ठेवण्यापेक्षा दोन ठेवा. तालुक्याच्या गावात लॅब चालते, हे आजूबाजूला बघून सांगतोय. मुलगी म्हणून नाही, कुणालाही हेच सांगितलं असतं.

अर्जुनाकाठ

वरच्या डॉक्टरांचं म्हणणं व्यवहाराच्या बाजूने खरं आहे. स्वतःची लॅब टाकायची असेल तर पॅथॉलॉजीच घ्यावी. पण तू विचारलंयस ते वेगळं आहे, आणि मी त्याच वाटेने गेले आहे म्हणून सविस्तर लिहिते. ‘तू’ म्हटलेलं चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

माझं गाव राजापूर तालुक्यात. एमबीबीएस मिरजेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात रक्तसंक्रमण अधिकारी म्हणून लागले. त्याआधी थोडीच वर्षं, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देऊन राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करायला लावल्या होत्या. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. कागदावर बंद झालं. प्रत्यक्षात ते बंद करणं हेच माझं पहिलं काम होतं. “पेशंटचा चुलतभाऊ आहे” म्हणून एकजण यायचा. मी त्याला खुर्चीत बसवून विचारायची, पेशंटचं गाव कुठलं? वाडी कुठली? घरात कोण कोण असतं? खरा चुलतभाऊ असेल तर कोकणातला माणूस वाडीच काय, शेजाऱ्याच्या भांडणापर्यंत सगळं सांगतो. हा माणूस नावावरच अडखळायचा. त्याला परत पाठवलं की नातेवाईक माझ्यावर धावून यायचे, कारण त्यांनी त्याला पैसे दिलेले असायचे. तेव्हा ‘नाही’ म्हणणं आणि लगेच त्यांच्यासाठी दुसरा दाता उभा करणं, ही दोन्ही कामं एकाच डॉक्टरला करावी लागत. आजही या शाखेचा गाभा मला तिथेच दिसतो.

तुझ्या आईला सांग, तळघरात बसून हे काम होत नाही. रक्त चुकीच्या माणसाला जातं ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नाही, खाटेपाशी. ब्रिटनमध्ये १९९६ पासून ‘शॉट’ नावाची यंत्रणा रक्तसंक्रमणातल्या गंभीर घटनांची नोंद ठेवते. त्यांच्याकडे येणाऱ्या नोंदींपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त मानवी चुकांशी जोडलेल्या असतात. तिकडे ही गत, तर आपल्याकडचा वॉर्ड डोळ्यांपुढे आण. आपल्या अख्ख्या वाडीचं आडनाव एक. त्यातून बापाचं नाव पांडुरंग नाहीतर गंगाराम. एकाच पुरुष वॉर्डात एकाच नावाचे दोन म्हातारे मी कितीदा पाहिलेत. सॅम्पल घ्यायला गेलेली मुलगी विचारते, “आजोबा, तुम्ही अमुक अमुक ना?” ऐकायला कमी येणारा आजोबा, समोर पांढरा कोट, तो म्हणणार, “होय गे बाय.” तिथे चूक घडून गेलेली असते, पुढची प्रयोगशाळा कितीही चांगली असो. म्हणून आमच्याकडे नियम झाला: नाव सांगायचं नाही, विचारायचं. “तुमचं पूर्ण नाव काय?” उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे, हातावरच्या पट्टीशी आणि नोंदणी क्रमांकाशी जुळलं पाहिजे, आणि नळीवरचं लेबल खाटेपाशीच लिहिलं पाहिजे. टेबलावर जाऊन पाच नळ्यांवर एकदम लेबलं लावायची नाहीत. आणि पेशंटच्या गटाची आमच्याकडे आधीची नोंद नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेलं दुसरं सॅम्पल मागायचं. हे रुजवायला मला यंत्र आणण्यापेक्षा जास्त काळ लागला.

आता तुला एक प्रसंग सांगते, कारण तो आपल्या भागाचाच आहे. सिझेरियनसाठी आलेली एक बाई. बाहेरच्या कागदावर गट ‘ओ पॉझिटिव्ह’. टेक्निशियनने क्रॉसमॅच लावला, म्हणजे पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, जुळेना. दुसरी पिशवी, जुळेना. शेल्फवरची एकही ओ पिशवी जुळेना. त्याने रात्री मला उठवलं, आणि त्याने उठवलं म्हणून ती बाई वाचली. पेशी तपासल्या तर त्या ओसारख्याच दिसत होत्या, पण सीरम ओच्या पेशींनाच चिकटवत होतं. बॉम्बे ब्लड ग्रुप. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत ओळखलेला. या लोकांच्या पेशींवर ‘एच’ प्रतिजनच (रक्तगटाची खूण) नसतो, तर ओ रक्तात तो भरपूर असतो, म्हणून सगळ्यांना चालणारं ओ रक्त यांना मात्र जीवघेणं. जगात अतिशय दुर्मीळ, पण महाराष्ट्रात, त्यातही आपल्या दक्षिण कोकणात आणि घाटावर कोल्हापूरकडे, तुलनेने जास्त दिसतो. ज्या ठिकाणी रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे सीरमवरून गटाची उलट तपासणी, करत नाहीत, किंवा करताना ओ पेशी वापरत नाहीत, तिथे हा माणूस आयुष्यभर ‘ओ’ म्हणून फिरतो.

परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत सॅम्पल पाठवून खात्री केली. भावंडांची तपासणी केली, कारण हा गुण दोन्ही पालकांकडून आला तरच प्रकटतो, म्हणजे प्रत्येक सख्ख्या भावंडात शक्यता चारात एक. एक भाऊ तसाच निघाला. घरच्यांना वाटलं, झालं, सुटलो. पण सख्ख्या नातेवाइकाचं रक्त आधी इरॅडिएट करावं लागतं, म्हणजे त्यावर किरणांचा मारा करावा लागतो, नाहीतर त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात ठाण मांडून त्यालाच मारतात, आणि ती सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून मुंबईतल्या नोंदणी असलेल्या दात्यांना फोन केले, दोन पिशव्या बर्फाच्या पेटीत घालून कोकण रेल्वेने आल्या, आणि त्या येईपर्यंत मी सर्जनना ऑपरेशन थांबवायला लावलं. बाईला कळा नव्हत्या, बाळाचे ठोके ठीक होते, थांबणं शक्य होतं. सर्जन वयाने आणि पदाने माझ्याहून मोठे. ते चिडले, आणि मी हलले नाही. तो भाऊ पुढे नोंदणीकृत दाता झाला. त्याचं रक्त नंतर परक्या माणसाला कामी आलं.

त्या घटनेनंतर मी एमडीला गेले, लखनऊच्या संजय गांधी संस्थेत. कारण मला कळलं होतं की चांगला टेक्निशियन पाळीवर असणं हा नशिबाचा भाग राहता कामा नये. तो नशिबाचा भाग राहू नये यासाठी कुणीतरी नियम लिहावे लागतात, पैसे मागावे लागतात, आणि ‘थांबा’ म्हणायचा लेखी अधिकार घ्यावा लागतो. तू ज्यांना वैद्यकीय संचालक म्हणतेस त्यांचं काम हेच.

बाहेरच्या देशांत ती पदं कशी जन्माला आली तेही माहीत असू दे. ऐंशीच्या दशकात दूषित रक्त आणि रक्तघटकांमधून हजारो लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. कॅनडात न्यायमूर्ती क्रेव्हर यांच्या आयोगाने १९९७ मध्ये अहवाल दिला. त्याचं सार असं की धोक्याचा शंभर टक्के पुरावा मिळेपर्यंत वाट बघत बसू नका, आधी पाऊल उचला. दुसऱ्याच वर्षी तिथे रक्तसेवा रेड क्रॉसकडून काढून नव्या संस्थांकडे दिली गेली. ब्रिटनच्या चौकशीचा अंतिम अहवाल २० मे २०२४ ला आला. तीस हजारांहून जास्त लोक बाधित, सुमारे तीन हजार मृत्यू. डॉक्टर तेव्हाही होते. पण निर्णयाच्या टेबलावर बसून “हे आज थांबवा” म्हणणारा आणि त्यासाठी नावानिशी जबाबदार असणारा डॉक्टर नव्हता, किंवा त्याचं ऐकलं गेलं नाही. अशी माझी समज आहे.

आणि त्या टेबलावर बसून काय साधता येतं, त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. बाळंतपण झालेल्या स्त्रियांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ भागात) कधीकधी पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. तो प्लाझ्मा मिळालेल्या रुग्णाची फुप्फुसं तासाभरात भरून येऊ शकतात, त्याला ट्राली म्हणतात. ब्रिटनने २००३ च्या अखेरीपासून रुग्णाला द्यायचा प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांचाच घ्यायचं ठरवलं आणि ट्रालीचे मृत्यू खूप खाली आले. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. कुणीतरी नोंदी वाचल्या, धागा जुळवला आणि आदेश काढला.

आपल्याकडे अशा नोंदींचं काम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झालं, हिमोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया. नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था ते चालवते. दात्यांना होणाऱ्या त्रासाची नोंद १४ जून २०१५ पासून. मी एमडीनंतर मुंबईत एका रुग्णालय समूहात गेले, आता तिथे रक्तसंक्रमण सुरक्षेची प्रमुख आहे, आणि माझा निम्मा वेळ या नोंदींमध्ये जातो. उरलेला वेळ कशात जातो ते पुढे विचारलंस तर सांगेन. फार लांबलं.

रात्रपाळी

मी रक्तकेंद्रात टेक्निशियन आहे, चिपळूण भागात. अर्जुनाकाठ मॅडमनी टेक्निशियनचं नाव घेतलं म्हणून लिहितोय, नाहीतर आमच्याबद्दल कोण लिहितं.

सड्यावरची मॅडम, तुम्ही डॉक्टर म्हणून या शाखेत आलात तर आमच्या दृष्टीने काय बदलतं ते सांगतो. रात्री दोन वाजता नातेवाईक काचेवर हात आपटतात, वॉर्डातून डॉक्टरांचा फोन येतो, “क्रॉसमॅच राहू दे, पिशवी दे.” खरी आणीबाणी असेल तर त्याची रीत आहे, डॉक्टरने तसं लेखी द्यायचं, आम्ही ओ गटाची पिशवी देतो आणि तपासणी मागून पूर्ण करतो. पण पुष्कळदा आणीबाणी नसते, घाई असते. त्या वेळी आमच्या मागे उभा राहणारा डॉक्टर हवा. फोन उचलणारा आणि “माझ्या मुलाला बोलू नका, माझ्याशी बोला” म्हणणारा. असे एक सर आमच्याकडे होते. त्यांच्या काळात आम्ही घाबरून एकही पिशवी दिली नाही.

त्याच सरांनी रक्ताचे फ्रीज आणि जनरेटरची जोडणी वरच्या मजल्यावर नेण्यासाठी व्यवस्थापनाशी वर्षभर भांडण काढलं होतं. खर्च कशाला म्हणून सगळे नाराज. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला. वरचे फ्रीज दोन ते सहा अंशांतच होते, तापमानाचा आलेख मी स्वतः काढून ठेवलाय. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती हे पाहूनच त्यांनी तो हट्ट धरला होता.

आणि प्लेटलेटचं लिहायलाच हवं. तिचं आयुष्य पाच दिवस, वीस ते चोवीस अंशांत, तेही सतत हलवत ठेवून. पावसाळ्यात डेंगी-लेप्टोमुळे मागणी तेव्हाच वाढते जेव्हा कुंभार्ली आणि आंबा घाटात दरड येते. कुणाकडे किती ठेवायच्या, कुठून मागवायच्या, कुठल्या पेशंटला खरंच लागणार आणि कुणाला नुसता आकडा बघून मागितल्यात, हे ठरवायला डॉक्टरच लागतो. आम्ही ठरवलं तर वॉर्ड ऐकत नाही.

वॉर्डातली सिस्टर

सिंधुदुर्गातून लिहिते. आम्हाला शिकवलंय की पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळच थांबायचं, थेंब हळू ठेवायचे, ताप-नाडी-बीपी लिहायचं. पण एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असतो. आणि रिॲक्शन आली तर फॉर्म भरायला मुली घाबरतात, उद्या नोटीस येईल म्हणून. माझ्या ओळखीच्या एकीला आधीच्या ठिकाणी तसा अनुभव आला होता. पेशंटला थंडी भरली, तिने लगेच पिशवी बंद केली, म्हणजे बरोबरच केलं, तरी जाब तिलाच विचारला. अर्जुनाकाठ मॅडम, यावर तुमच्यासारख्या वरच्या पदावरच्या डॉक्टरांनी काही करता येतं का?

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, ‘तू’च म्हणा. सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. शिवाय, उरलेला वेळ कशात जातो तेही सांगा. आणि व्यवहाराचं: एमडी कुठून करावं, मिळकत कशी असते, आणि कोकणात परत यायला जागा आहे का? पेठेतल्या डॉक्टरांचा मुद्दा माझ्या घरी रोज निघतो, म्हणून खरं खरं सांगा.

अर्जुनाकाठ

आधी सिस्टर. करता येतं, आणि ते खालून होत नाही, वरूनच करावं लागतं. माझ्याकडे लेखी नियम आहे की रिॲक्शनचा फॉर्म भरणाऱ्याला त्या फॉर्मवरून कुठलीही कारणे दाखवा नोटीस निघणार नाही. त्यावर रुग्णालय प्रमुखांची सही मी भांडून घेतली आहे. फॉर्म आला की दुसऱ्या दिवशी मी किंवा माझी सहकारी वॉर्डात जाऊन त्या नर्सला काय निघालं ते सांगते. त्रास ॲलर्जीचा होता की पिशवीत जंतू होते, की त्यात रक्ताचा संबंधच नव्हता. आपण लिहिलेल्याचं काही झालं हे तिला दिसलं की पुढचा फॉर्म आपसूक येतो. ज्या रुग्णालयातून वर्षभर एकही रिॲक्शन कळवली जात नाही तिथे रक्त सुरक्षित आहे असं मी मानत नाही. तिथे माणसं घाबरलेली आहेत असं मी मानते. पंधरा मिनिटांचं म्हणशील तर रात्री नवीन पिशवी लावायचीच नाही, जोवर रक्तस्राव चालू नाही, हा नियम केला तरी निम्मा भार हलका होतो. दिवसा माणसं असतात.

आता माझा उरलेला वेळ. बराचसा रक्त न देण्यात जातो. बाळंतिणीचे नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, एक बाटली रगात चढवा, ताकद येतली.” तेवढंच कारण घेऊन मागणीपत्र आलेलं मी पाहिलंय, आणि त्यावर शिकलेल्या डॉक्टरची सही होती. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर तपासलं की हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवण्यापेक्षा सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तर नुकसान होत नाही. तरी “नऊ आहे, एक पीसीव्ही (लाल पेशींची पिशवी) द्या” अजून चालू आहे. लोहाचं इंजेक्शन वेळेवर दिलं असतं तर ती पिशवी लागलीच नसती, आणि ते वेळेवर देणारी व्यक्ती तू आहेस, आत्ता, तुझ्या केंद्रात. दुसरीकडे आपल्याकडच्या किडकिडीत म्हाताऱ्या बायका, हिमोग्लोबिन चार, कित्येक वर्षं तशाच राबत आलेल्या. त्यांना भराभर दोन पिशव्या दिल्या की हृदयाला तो भार झेपत नाही आणि छातीत पाणी होतं. त्याला टॅको म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेत रक्तसंक्रमणाशी जोडलेल्या मृत्यूंमध्ये तो वरच्या क्रमांकावर आहे. एक पिशवी, सावकाश, मग परत तपासून दुसरी. फुरसं किंवा घोणस चावलेल्याला आधी प्रतिविष. त्याआधी नुसता प्लाझ्मा ओतला तर विष तोही संपवतं. हे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत राहणं हे माझं काम.

मग शिबिरं. एखाद्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या जमवायची हौस असते. साध्या पिशवीतल्या लाल पेशी पस्तीस दिवस टिकतात, पोषक द्रावण घातलं तर बेचाळीस. एकदम जमवलेल्यातल्या किती वाया जातात ते आयोजकाला कुणी सांगत नाही. मी स्वतः जाऊन सांगते की तेवढेच दाते चार महिन्यांत वाटून द्या, आणि मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, एक शिबिर गावात घ्या. गणपतीत घरचं सोडून कुणी येत नाही, पण विसर्जनानंतर येतात. यात माणसं दुखावतात. दुखावली तरी पुढच्या वर्षी ऐकतात, असा अनुभव आहे.

आणि कागद. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याने रक्त हे औषध आहे. परवाना, अन्न व औषध प्रशासनाची तपासणी, रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं मूल्यांकन, रक्तसंक्रमण समितीच्या बैठका, खरेदी. नॅट तपासणी (रक्तात थेट विषाणूची जनुकं शोधणारी) घ्यावी की नाही यावर अर्थ विभागाशी मी दीर्घकाळ बोलत होते. एचआयव्हीची बाधा होऊन तपासणीत दिसेपर्यंतचा आंधळा काळ नॅटने कमी होतो, पूर्ण संपत नाही, आणि ती महाग आहे. हे दोन्ही खरं सांगून पैसे मागावे लागतात. डॉक्टरला हिशेब वाचता आला पाहिजे. तो मी नोकरीत शिकले, तू आधीच शिकून घे.

एमडीसाठी लखनऊ, चंडीगडचं पीजीआय, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मुंबईत टाटा मेमोरियल ही नावं चांगली. डीएनबीचाही, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीचाही, मार्ग आहे. जागा कुठली मिळते यापेक्षा तिथे दुर्मीळ प्रतिपिंडांचं काम आणि अफेरेसिस (यंत्राने रक्तातला हवा तेवढाच घटक वेगळा काढणं) किती होतं ते विचार. मिळकत सुरुवातीला तुझ्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीपेक्षा कमी असेल. दहा वर्षांनी फरक बराच भरून निघतो, पण तो मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. स्वतःचं दुकान कधीच होणार नाही. वडिलांना हे लपवून ठेवू नकोस.

कोकणात जागा आहे का? माझ्या वेळी एक जिल्हा रुग्णालय सोडलं तर विचारायला नको अशी स्थिती होती. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणला खासगी आहे. उपजिल्हा रुग्णालयांतली रक्त साठवणूक केंद्रं मूळ रक्तकेंद्राला जोडलेली आहेत. पण या साखळीकडे एकत्र बघणारा, कुठल्या तालुक्यात काय घडतंय ते नोंदवणारा, दोडामार्गचा पेशंट गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात गेल्यावर त्याचा आधीचा गट तिकडे कळवणारा डॉक्टर मला अजून दिसत नाही. तसं पद जाहिरातीत येणार नाही. महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून येऊन ते काम हळूहळू अंगावर घ्यावं लागेल आणि मग त्याला नाव मागावं लागेल. माझी निवृत्ती फार लांब नाही. त्यानंतर मला राजापुरातच राहायचं आहे, आणि हे काम करायला कुणी आलं तर मी विनामोबदला सोबत करीन.

आत्तापुरतं एवढं कर. जिल्ह्याच्या रक्तकेंद्रात सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून एक पूर्ण रात्रपाळी बस. ‘शॉट’चे वार्षिक अहवाल इंटरनेटवर खुले आहेत, त्यातली प्रकरणं वाच. राष्ट्रीय जैविक संस्थेच्या संकेतस्थळावरून रिॲक्शनचा फॉर्म उतरवून घे आणि तो भरताना काय काय माहिती लागते ते बघ. तुझ्या केंद्रातून पाठवलेल्या ज्या पेशंटना रक्त मिळालं त्यांचं पुढे काय झालं, त्याची एक वही कर. मुलाखतीत कुणी विचारलं “ही शाखा का?” तर ती वही पुढे ठेव.

सड्यावरची

मॅडम, वही आजच घातली. रात्रपाळीसाठी जिल्ह्याला अर्ज कुणाच्या नावे करायचा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या की थेट रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांच्या?

रात्रपाळी

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, प्रत रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांना. आणि शनिवारची रात्र मागा मॅडम, महामार्गावरचे अपघात त्याच रात्री जास्त येतात.